वाचन म्हणजे बोलणं नव्हे

संवत्सरीचा उपास सुटला की जळगावच्या या जैन घराण्यात पहिलं काम पोटाचं नसे, हात जोडण्याचं असे. धाकटे थोरल्यांपुढे, थोरले धाकट्यांपुढे, वर्षभरात मन दुखावलं असेल तर माफी असावी, मिच्छामि दुक्कडं. बारा महिने एकमेकींच्या चुलीवरचं दूध उतू जाताना पाहूनही ज्यांनी हाक मारलेली नसे, त्या जावासुद्धा त्या सकाळी एकमेकींच्या पाया पडत. सूरजबाईंना ही सकाळ मनापासून आवडे. माफी मागितल्याने माणूस बदलतो असा काही त्यांचा समज नव्हता, पण निदान दुपारपर्यंत तरी घर शांत राही.

सदुसष्ट साली तेही झालं नाही. धुळ्याहून रुपचंद खमतखामणा, म्हणजे ही माफीची देवघेव, करायला आला. रुपचंद म्हणजे चंद्रकांताचा थोरला भाऊ, आणि चंद्रकांता सूरजबाईंची विधवा सून. मुगाचं पाणी पिऊन सगळ्यांचं पारणं झाल्यावर त्याने फुलचंदभाईजींच्या पायांना हात लावला, आणि वाकलेला असतानाच म्हणाला,

"काकाजी, एक मागणं आहे. बहिणीला धुळ्याला नेऊ का? ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत. पास झाली तर तिथेच कॉलेजात घालतो."

ताठ उभं राहून हे बोलायची त्याची छाती नव्हती. भाईजी सूरजबाईंचे जेठ, म्हणजे थोरले दीर. धाकटा भाऊ गेला, पाठोपाठ त्याचा मुलगा हस्तीमल गेला, आणि मागे उरलेल्या सासू-सुनेचा भार भाईजींनी एका शब्दानेही न बोलून दाखवता उचलला. असा माणूस नाही म्हणाला तर भांडता येत नाही, हीच तर अडचण.

ते नाही म्हणाले नाहीत. "दुपारी बसू," म्हणाले.

सूरजबाई दाराआड उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

खरं तर हे सगळं त्यांनीच सुरू केलं होतं. हस्तीमल गेल्यावर चंद्रकांता दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून बसे. तेव्हा सूरजबाईच म्हणाल्या होत्या, "तुझी मॅट्रिक राहिलीये ना? ती कर." पोरीने पुस्तकं उघडली, बाकीचे विषय काढलेही. अडली ती इंग्रजीपाशी. त्या काळात इंग्रजी सोडून मॅट्रिक होता येई, पण मग कॉलेजचा दरवाजा बंद, आणि चंद्रकांताला तोच दरवाजा हवा होता.

इंग्रजी कशी शिकतात हे सूरजबाईंना कोण सांगणार? त्यांना शिकणं माहीत होतं ते एकाच प्रकारचं. लहानपणी आजीने मांडीवर बसवून प्रतिक्रमणाची सूत्रं त्यांच्याकडून म्हणवून घेतली होती. भाषा कुठली, शब्दाचा अर्थ काय, हे आजीने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. उच्चार शुद्ध हवा, क्रम चुकता कामा नये, शेवटपर्यंत पोचलं की पुण्य. तीच तऱ्हा त्यांनी सुनेला लावली. हातात माळ घेऊन त्या शेजारी बसत, एका ओळीला एक मणी. गाईडातली उत्तरंसुद्धा अशीच पाठ झाली. सूरजबाईंना इंग्रजीचं अक्षर ओळखता येत नव्हतं, पण शब्द गळला तर चालीवरून त्या पकडत. कौतुक करावं तेवढं थोडं, आणि उपयोग शून्य. कारण पेपरात एक उतारा असा येतो, जो आधी कुणी दाखवलेला नसतो. तो वाचा, समजून घ्या आणि खाली विचारलेल्याची उत्तरं लिहा. तिथे माळ काय करणार? चंद्रकांता एकेका शब्दाशी थांबे, त्याचा पाठ केलेला अर्थ आठवे, पुढच्या शब्दाकडे जाईपर्यंत मागचा निसटे. दोनदा नापास झाली.

मग आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, धुरपदाबाई आल्या. एरंडोलकडच्या शेतकऱ्याची लेक, मुलींच्या शाळेत इंग्रजीच्या शिक्षिका, मेहरूणच्या रस्त्याला राहायच्या. सूरजबाई सुनेला घेऊन त्यांच्याकडे गेल्या, तर बाईंनी पहिल्या दिवशी गाईड काढून घेतलं आणि वर मोठ्याने वाचायला बंदी घातली. आधी खालचे प्रश्न बघ, म्हणाल्या, म्हणजे काय शोधायचंय ते कळेल. मग उतारा न थांबता शेवटपर्यंत वाच. शब्द अडला तर सोडून पुढे जा, आजूबाजूचे शब्द त्याची ओळख देतील. मग पुस्तक मिट आणि काय घडलं ते मला सांग. इंग्रजीत नको, तुझ्या बोलीत सांग. चंद्रकांता धुळ्याजवळच्या सोनगीरची, शेजारपाजारात अहिराणी बोलत वाढलेली. धुरपदाबाई तिच्याशी अहिराणीतच बोलायच्या. सूरजबाई कोपऱ्यात बसून ऐकत, आणि इतक्या वर्षांत न ऐकलेला सुनेचा आवाज त्यांना ऐकू येई. ती सांगताना हातवारे करी, एकदा तर हसली.

पोळ्याच्या सुमारास बाईंची बदली धुळ्याला झाली. आता पोरीला तिकडे पाठवायचं, नाहीतर तिसऱ्यांदा नापास होऊ द्यायचं. मधला रस्ता नव्हता. पाठवलं तर मागच्या दोन खोल्यांत सूरजबाई एकट्या. दिवसभर कुणाशी बोलणार? त्या विचारानेच त्यांचा जीव थोडाथोडा होई. पोरीला कॉलेज हवं होतं हे त्यांना माहीत होतं, आणि पोर आपल्याला हवी आहे हेही माहीत होतं.

दुपारी दिवाणखान्यात बैठक बसली. भाईजी गादीवर, रुपचंद समोर, आणि त्याच्याच सांगण्यावरून धुरपदाबाईही आल्या होत्या. त्या राहिलेलं सामान न्यायला जळगावात होत्याच. दाराशी, भिंतीला टेकून बायका. तारादेवी, म्हणजे भाईजींची बायको, पुढे. सूरजबाई तिच्या मागे डोक्यावरून पदर हनुवटीपर्यंत ओढून. चंद्रकांता त्यांच्याही मागे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सूरजबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून जेठाशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. धाकट्या भावाच्या बायकोने जेठापुढे तोंड उघडायचं नाही, ही रीत. काही सांगायचं तर तारादेवीच्या कानात सांगायचं, ती ते मोठ्याने सांगे. तारादेवी काही दुष्ट नव्हती. पण एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाताना शब्दाचं काय होतं, हे कुणी तपासत नव्हतं. सूनही अर्थात गप्पच. मात्र दिवाळीत पाहुण्यांसमोर इंग्रजी वर्तमानपत्र वाचून दाखवायला भाईजी तिला आवर्जून बोलावत. तारादेवीने एकदा हरकत घेतली, तर म्हणाले, "वाचन म्हणजे बोलणं नव्हे. ते दुसऱ्याचं असतं." पाहुणे माना डोलावत. पोरगी काय वाचतेय ते तिलाही कळत नव्हतं आणि ऐकणाऱ्यांनाही, त्यामुळे सगळे खूष असत.

"दोनदा झालं," भाईजी म्हणाले. "तिसऱ्यांदा काय वेगळं होणार आहे?"

"काकाजी, आता तिला समजायला लागलंय," रुपचंद म्हणाला.

"समजायला लागलंय तर बघू या. मास्तरीणबाई, आणलंय काही?"

धुरपदाबाईंनी पिशवीतून एक जुनं पुस्तक काढलं. "हा उतारा तिने पाहिलेला नाही, शेठजी."

पुस्तक मागे गेलं. चंद्रकांताने ते हातात घेतलं आणि सूरजबाईंच्या कानाशी तिचा आवाज सुरू झाला. काय तो आवाज! खणखणीत, एका लयीत, पूर्णविरामाला बरोबर खाली उतरणारा. सूरजबाईंनी लगेच ओळखलं. ही माळेची चाल होती, त्यांनीच शिकवलेली. इतक्या महिन्यांची मेहनत जेठांसमोर बसताच कापरासारखी उडाली होती.

"वा!" भाईजी म्हणाले. "उत्तम. आता सांगा, काय लिहिलंय?"

चंद्रकांता पुन्हा पहिल्या ओळीपाशी गेली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची होती," तारादेवी हळूच पुटपुटली, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू.

"शेठजी, रागावू नका," धुरपदाबाई म्हणाल्या. "ती वाचताना समजून घेत नव्हती, तुम्हाला ऐकवत होती. दोन्ही एकदम होत नाही. तिला मनात वाचू द्या. आणि सांगायचं तर तिने ते स्वतःच्या शब्दांत सांगायला पाहिजे. शिकवणं म्हणून मी केलं ते एवढंच."

"या घरात सुना सासऱ्यापुढे बोलत नाहीत, बाई."

"तुमच्याशी नको. ती माझ्याशी बोलेल. तुम्ही फक्त ऐका."

भाईजींनी याचा विचार केला. रीत मोडत होती का? नेमकी मोडत नव्हती. घसा खाकरून ते म्हणाले, "बरं."

धुरपदाबाई उठून मागे आल्या आणि चंद्रकांतासमोर मांडी घालून बसल्या. खोलीतल्या सगळ्यांकडे त्यांनी पाठ केली.

"भ्यावू नको. येक डाव बठ्ठं वाच, थांबू नको. आडनं ते सोडी दे."

चंद्रकांताने एका दमात सगळं वाचलं. ओठ हलले नाहीत. तिची नजर पानाच्या वरून खाली गेली, परत वर आली. बाहेर रस्त्यावरून बैलगाडी गेली तिचा आवाज बराच वेळ येत राहिला. भाईजी अस्वस्थ झाले. तोंड मिटून चाललेलं वाचन त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"आते सांग. त्यामा कोण कोण शे?"

"एक म्हातारा शे," पदराआडून आवाज आला, आधी अगदी बारीक. "नाववाला. त्याले आते दिसत नही. त्यानी पोर नाव चालाडस. तिना हातमा..." ती थांबली. "बाई, हा शब्द मले नही येत."

"मंग? आजूबाजूले काय शे?"

"पाणी शे. ती ते वढस, मंग नाव पुढे जास. लाकूडनं काहीतरी व्हई, नाव हाकानं."

"बस, तेवढं समजनं ते चाली. पुढे?"

आवाज मोठा झाला. ती सांगत गेली. पोर रोज लोकांना पैलतीरी नेते. म्हाताऱ्याला आता काही काम नाही, तरी तोही रोज नावेत येऊन बसतो, आणि बसल्या जागेवरून हाका मारतो, चला चला, नाव सुटली.

"खाले इचारेल शे," धुरपदाबाई म्हणाल्या, "तो रोज नावमा काबर येस?"

चंद्रकांताने पान पाहिलं. "लिखेल नही."

"लिखेल नही. मंग?"

तिने उतारा पुन्हा एकदा वरून खाली पाहिला. मग म्हणाली, "त्याले वाटस, नाव आजून त्यानीच शे."

दुकानाचा कारभार गेल्या दिवाळीपासून भाईजींची मुलं बघत होती, आणि भाईजी रोज सकाळी दुकानात जाऊन गादीवर बसत, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. चंद्रकांताच्या मनात ते नव्हतं. ती फक्त म्हाताऱ्याबद्दल बोलत होती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

"हे हिच्या मनचं आहे," भाईजी म्हणाले. आवाज चढला होता. "लिहिलेलं नाही म्हणते आणि सांगते. असं कसं? पुस्तकात दाखव."

धुरपदाबाईंनी सुनेकडे पाहिलं, काही सुचवलं नाही. चंद्रकांताने पुस्तक जमिनीवर ठेवलं, एका ओळीवर बोट टेकवलं.

"आठे शे. लोके पैसा पोरना हातमा देतस, पन रामराम म्हातारले करतस. आनि पोर त्याले कधी नही सांगत का तू घर बस." बोट दुसऱ्या ओळीवर गेलं. "तिले बी समजस."

भाईजी पुस्तकाकडे पाहत राहिले. इंग्रजी त्यांना येत नव्हती, पण त्या बोटाखाली काहीतरी आहे हे त्यांना दिसलं असावं. मग ते म्हणाले, "पोरगी हुशार आहे. नाही म्हणत नाही मी. पण सासू एकटी पडेल. निर्णय तिचा." आणि बायकोला म्हणाले, "विचार तिला."

तारादेवी मागे झुकली. सूरजबाईंना ठरवता येईना. हो म्हणावं तर घर रिकामं, नाही म्हणावं तर ते बोट, त्या दोन ओळींवर टेकलेलं. त्यांनी अजून तोंड उघडलं नव्हतं, तोच तारादेवी पुढे वळून म्हणाली,

"सूरज म्हणते, नको पाठवायला. इथेच राहू दे."

रुपचंदाने मान खाली घातली. सूरजबाईंना आधी काही कळेना. मग कळलं. त्याच आठवड्यात, सुनेची पुस्तकं आवरताना त्यांना रडू कोसळलं होतं, आणि तारादेवीने ते दारातून पाहिलं होतं. ती जे बोलली ते खोटं नव्हतं. सूरजबाईंच्या मनातलं तिने अगदी बरोबर वाचलं होतं. पण ते सूरजबाईंचं म्हणणं नव्हतं.

इतकी वर्षं हे असंच चाललं होतं. आपल्या मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं आणि तेच आपलं मानायचं.

"भाईजी," सूरजबाई म्हणाल्या.

पदराआडून आलेला तो आवाज कुणाचा, हे भाईजींना क्षणभर कळलंच नाही. त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. तारादेवीने कपाळाला हात लावला.

"मी असं म्हटलं नाही. मला ती इथे हवी आहे, हे खरं. ती गेली की मला कुणी राहत नाही. पण म्हणून तिने राहावं, असं मी म्हटलेलं नाही. तिला जाऊ द्या."

"आणि पुन्हा नापास झाली तर?" रुपचंदानेच घाबरून विचारलं.

"तर चौथ्यांदा बसेल."

भाईजी सूरजबाईंकडे वळले नाहीत. त्यांनी नजर समोरच्या भिंतीवरून हलवली नाही. मग बायकोला म्हणाले, "तिला सांग, मी ऐकलं."

तारादेवी मागे वळली. तिचे डोळे भरले होते. "तुझ्यासाठीच बोलले गं मी," ती म्हणाली. "एकटी कशी राहशील तू?" सूरजबाईंनी तिचा हात धरला. दोघी जावा तशाच बसून राहिल्या, आणि बाकीचे उठून गेले.

पाचची एस.टी. होती. सामान बांधायला फारसा वेळ नव्हता आणि सामानही फारसं नव्हतं. चार लुगडी, पुस्तकं, हस्तीमलचा एक फोटो. फोटो घ्यावा की ठेवावा, म्हणून चंद्रकांता घुटमळली. सूरजबाईंनी तो लुगड्याच्या घडीत सरकवून दिला. त्यांच्याकडे दुसरा नव्हता.

"सासूजी," चंद्रकांता म्हणाली, "तुम्हाला एकटीने होईल ना?"

"मला काय धाड भरलीये? जेठाणी आहेत, थानकात साध्वीजींची प्रवचनं आहेत. उलट तुझा दिवा जळायचा रात्रभर, डोळ्यावर यायचा. आता झोप तरी लागेल." सूरजबाईंनी ट्रंकेची कडी घातली. "आणि खमंग काही करायचं म्हटलं की तू तिखट कमी घालायचीस. आता माझ्या मनासारखं करीन."

चंद्रकांता समोर येऊन उभी राहिली. तिने सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. न थांबता, वरपासून खालपर्यंत, आणि मग पुन्हा एकदा. सूरजबाईंना वाटलं, पदर ओढून घ्यावा. पण सुनेपुढे पदर कसला घ्यायचा! त्या तशाच उभ्या राहिल्या आणि तिला पाहू दिलं.

बाहेरून रुपचंदाने टांगा आल्याची हाक दिली. एक शब्द पुरला असता. सूरजबाई नुसतं "चंद्रा" म्हणाल्या असत्या तरी ट्रंक परत खाटेखाली गेली असती, हे त्या दोघींनाही माहीत होतं.

"गाडी सुटेल," सूरजबाई म्हणाल्या.

चंद्रकांता वाकली, तिने पायांवर डोकं ठेवलं. उठली तेव्हा तिच्या तोंडावर काही विचारायचं राहिलेलं नव्हतं. तिला सगळं समजलं होतं. तिने ट्रंक उचलली आणि ती गेली.